नाथ देवळालीकरचे देणे

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’वर चर्चा सुरू झाली की पहिल्या पाच मिनिटांत एक वाक्य येतेच: नाथ देवळालीकर माणूस चांगला होता, पण फार ध्येयवादी होता, म्हणून फसला. नाशिकमध्ये हे वाक्य मी नाट्यस्पर्धेच्या मध्यंतरात ऐकले आहे, प्राध्यापकांकडून ऐकले आहे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांकडूनही. कोणी ते हळहळून म्हणते, तर कोणी ‘बघा, पुरोगामीपणाचा शेवट असा होतो’ अशा समाधानाने. सूर निराळे असले तरी निदान एकच: आदर्श जास्त झाला, वास्तवाचे भान सुटले.

हे निदान मला उथळ वाटते आणि घातकही. कारण ते मान्य केले की पुढचा सल्ला आपोआप येतो: आदर्श थोडा आवरावा, जपून राहावे, मुलीबाळींच्या बाबतीत तरी व्यवहार पाहावा. जातीच्या प्रश्नावर महाराष्ट्रातला सुशिक्षित सवर्ण माणूस हा सल्ला गेली कित्येक दशके स्वतःला देत आला आहे. त्यासाठी त्याला तेंडुलकरांची गरज नव्हती.

माझे म्हणणे असे आहे. नाथकडे आदर्श जास्त नव्हता. जबाबदारी कमी होती. जातीच्या अन्यायाची त्याला मनापासून चीड आहे, त्यात ढोंग नाही. पण या अन्यायात आपला वाटा कोणता आणि त्याची भरपाई आपण आपल्या कशातून करायची, हा प्रश्न तो शेवटचा प्रवेश येईपर्यंत स्वतःला विचारत नाही. त्याने मोजायची किंमत त्याच्या मुलीने मोजली. आणि हे नाटककाराने सूचकपणे नव्हे, प्रवेशामागून प्रवेश रचून दाखवले आहे. ते टप्प्याटप्प्याने मांडतो.

नाटक कोणाच्या घरात घडते

‘कन्यादान’ १९८३ साली सदाशिव अमरापूरकरांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. नाथ विधान परिषदेचा आमदार, समाजवादी, जन्माने ब्राह्मण. पत्नी सेवा चळवळीतली कार्यकर्ती. मुलगा जयप्रकाश, मुलगी ज्योती. आडनाव देवळालीचे असले तरी बिऱ्हाड पुण्यात आहे. मुलाच्या नावावरूनच बापाची राजकीय कुळी कळते. ती कुळी नाशिककरांना परकी नाही. १९४८ च्या मार्चमध्ये समाजवाद्यांनी काँग्रेसमधून बाहेर पडण्याचा निर्णय नाशिकच्याच अधिवेशनात घेतला आणि जयप्रकाश नारायण त्यांच्या अग्रभागी होते. सत्तेच्या पंगतीतून उठून आलेली ही माणसे. त्यांच्यातले कितीतरी जण साधेपणाने जगले, तुरुंगात गेले. त्यांना खोटे म्हणणे अन्यायाचे होईल, आणि नाथलाही.

ज्योती एके दिवशी घरात सांगते की अरुण आठवले या दलित कवीशी आपण लग्न करणार आहोत. लग्न होते. अरुण दारू पितो, तिला मारतो, गरोदर असतानाही मारतो. त्याचे आत्मचरित्र गाजते. त्या पुस्तकावरच्या कार्यक्रमात नाथ भाषण करतो. मग ज्योती बापाला जाब विचारते आणि कायमची निघून जाते. कथा एवढीच.

पण हे सगळे घडते देवळालीकरांच्या दिवाणखान्यात. अरुणची वस्ती, ज्योतीचा संसार, मारहाण, नाथचे ते भाषण, यातले काहीही आपण पाहत नाही. ते या खोलीत बोलून दाखवले जाते. अरुण आपल्याला दिसतो तोही या खोलीत आलेला, बावरलेला, म्हणून आक्रमक झालेला अरुण. ‘हे नाटक दलितांविषयी आहे’ असे म्हणणाऱ्यांनी, बाजूने असोत की विरोधात, या रचनेकडे पुरेसे पाहिलेले नाही. नाटक या खोलीविषयी आणि तिच्या मालकाविषयी आहे. चौकशी त्याची चालली आहे.

जबाबदारी झटकणारा आणि जबाबदारी मिरवणारा

सामाजिक जबाबदारीवरचे नाटक म्हटले की जगभरच्या विद्यार्थ्यांना जे. बी. प्रीस्टलींचे ‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ शिकवले जाते. त्यातला आर्थर बर्लिंग कारखानदार आहे. पगारवाढ मागणाऱ्या मुलीला त्याने कामावरून काढले आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही. ज्याने त्याने आपले आपण पाहावे, हे त्याचे तत्त्वज्ञान. अशा माणसाला दोषी ठरवायला प्रेक्षकाला कष्ट पडत नाहीत.

त्याच नाटकातला जेराल्ड क्रॉफ्ट जास्त अवघड आहे. तो खानदानी घरातला. एका लंपट म्हाताऱ्याच्या तावडीतून तो त्या मुलीला सोडवतो, मित्राच्या रिकाम्या जागेत तिची सोय करतो, काही महिने तिच्या कृतज्ञतेत न्हाऊन निघतो आणि कामासाठी बाहेरगावी जायची वेळ आली की सगळे संपवतो. त्याने मदत केली हे खरे. पण मदत कधी सुरू करायची, किती करायची आणि कधी थांबवायची, हे तिन्ही निर्णय त्याच्याच हातात होते. तिच्या हातात फक्त आभार मानणे होते.

नाथ बर्लिंगचा विरोधी आहे, हे उघड आहे. तो जेराल्डचा नातलग आहे, हे उघड नाही. आणि इब्सेनच्या ‘वाइल्ड डक’मधल्या ग्रेगर्स वेर्लेचा तर अगदी जवळचा. श्रीमंत बापाचा हा मुलगा सत्याचा आग्रह घेऊन मित्राच्या संसारात शिरतो आणि अखेर प्राण जातो तो चौदा वर्षांच्या हेडविगचा. आदर्श एकाचा, आणि तो खरा ठरवण्यासाठी लागणारे आयुष्य दुसऱ्याचे. या वर्गातल्या पुरुषाची ही जुनी सवय आहे. तेंडुलकरांनी तिला मराठी घर दिले.

पहिला टप्पा: होकार कोणाला दिला?

ज्योती लग्नाचे सांगते तेव्हा सेवा आणि जयप्रकाश साधे प्रश्न विचारतात. मुलगा कसा आहे, किती ओळख आहे, राहणार कुठे, खाणार काय. नाथला यातला एकही प्रश्न महत्त्वाचा वाटत नाही. मुलगा दलित आहे, एवढे कळल्याबरोबर तो आनंदून जातो. जे आयुष्यभर व्यासपीठावरून सांगितले ते आज घरात घडते आहे, हा तो आनंद. अरुणला त्याने अजून पाहिलेलेही नाही.

ही उदारता आहे असे आपण समजतो. मला ती उपेक्षा वाटते, आणि ती दोघांचीही. जात पाहून नकार देणारा बाप समोरच्या मुलाला माणूस म्हणून पाहत नाही. जात पाहून होकार देणारा बापही पाहत नाही. अरुण रागीट आहे की शांत, प्रामाणिक आहे की लबाड, ज्योतीला तो खरोखर आवडतो की तिला फक्त त्याची कणव येते, याची विचारपूस हा त्या मुलाचा मान होता. कोणत्याही जावयाची होते तशी ती व्हायला हवी होती. नाथने ती केली नाही, कारण त्याला जावई नको होता, पुरावा हवा होता.

पुढे अरुण घरी येतो. खोलीच्या भिंतींनीच तो अस्वस्थ होतो, ज्योतीचा हात पिरगाळतो, सेवेने चरितार्थाचे विचारल्यावर हातभट्टीची दारू गाळू असे मुद्दाम सांगतो. तो गेल्यावर घरात काळजी पसरते. नाथ मात्र त्याला न तावलेल्या सोन्याच्या जागी पाहतो. वितळवून आकार द्यायचा आहे एवढेच. आकार कोण देणार? ज्योती. विशीतल्या मुलीवर त्याने केवढे काम सोपवले! शतकानुशतकांच्या अपमानाने पोळलेल्या पुरुषाला माणसांत आणण्याचे काम, एकटीने, बंद दाराआड, बिनपगारी. आमदार या नात्याने नाथकडे यंत्रणा होती, संघटना होती, वेळ होता. तरी काम मुलीला.

दुसरा टप्पा: वाचवायचे काय?

दुसऱ्या अंकात ज्योती मार खाऊन परत येते. आता जायचे नाही असे म्हणते. या क्षणी नाथ काय करतो, यावर त्याच्याविषयीचा सगळा निकाल अवलंबून आहे.

तो म्हणतो की हा मोलाचा प्रयोग फसता कामा नये. लग्न टिकले पाहिजे, आणि केवळ आपल्या ज्योतीसाठी नव्हे, कारण याला आपल्या मुलीच्या आयुष्यापलीकडे अर्थ आहे. हे तो सेवेला, तिच्या आईला, सांगतो. दुष्टपणाने नव्हे, कळवळून सांगतो. मग अरुण दारूच्या नशेत येतो, माफी मागतो, ज्योती त्याच्याबरोबर परत जाते. नाथला त्या वेळी तिचा अभिमान वाटतो. आपले संस्कार वाया गेले नाहीत असे वाटते.

इथे मला १८९९ साली रंगभूमीवर आलेले देवलांचे ‘शारदा’ आठवल्यावाचून राहत नाही. त्यातला कांचनभट पैशासाठी आपली पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. कांचनभट लोभी आणि नाथ निर्लोभी. शारदेला कोणी विचारले नाही आणि ज्योतीने स्वतः ठरवले. हे फरक मोठे आहेत, मी ते पुसत नाही. तरीही दोन्ही बापांच्या हिशेबात मुलगी कशाची तरी किंमत म्हणून येते. एकाला तिच्या बदल्यात रोकड मिळते, दुसऱ्याला आयुष्यभराचे भाषण खरे ठरल्याचे समाधान. शतक बदलले, बापाची नीती बदलली, पण हिशेबाची वही तीच राहिली. तेंडुलकरांनी शीर्षक लग्नविधीतून उचलले ते उगीच नव्हे. नाथ विधी मानणारा नाही, पण दात्याची जागा त्याने सोडलेली नाही.

बाबासाहेबांचा आधार इथे बरेचदा दिला जातो. १९३६ च्या ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये त्यांनी आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय असे म्हटले आहे, मग नाथचे चुकले काय? पण बाबासाहेब तिथे थांबलेले नाहीत. लोक असे विवाह का करत नाहीत, हे त्यांनी लगेच पुढे विचारले आहे आणि उत्तर दिले आहे की जात मनात आहे, आणि मनात ती शास्त्रांच्या पावित्र्यामुळे आहे. ते पावित्र्य मोडल्याशिवाय विवाह जात मोडणार नाही. म्हणजे पहिले काम वरच्या जातीच्या माणसाने स्वतःच्या आत करायचे आहे. नाथने निष्कर्ष घेतला, अट सोडली. आत काय शिल्लक होते ते पुढच्या टप्प्यात दिसते.

तिसरा टप्पा: विटाळ

नाटकाचा गाभा मला वाटतो तो हा प्रवेश. त्यावर सर्वांत कमी बोलले जाते याचे मला नवल वाटते.

अरुणचे आत्मचरित्र नाथने वाचले आहे, त्यातल्या लेखनाने तो भारावला आहे. पण याच माणसाने गरोदर ज्योतीला लाथ मारली हे त्याला आता ठाऊक आहे. अशा वेळी अरुण दोन सोबत्यांसह येतो आणि पुस्तकावरच्या कार्यक्रमात बोलायचे आमंत्रण देतो. नाथ धुमसत राहतो. ते निघून गेल्यावर त्याचा बांध फुटतो. त्याच्या तोंडून जे शब्द येतात ते एका मारकुट्या जावयाविषयीच्या संतापाचे नसतात. ही खोली बाटली, हे घर बाटले, दुर्गंधी सुटली आहे, अंघोळ करावीशी वाटते, फर्निचर धुऊन काढा, जमीन धुऊन काढा, असे तो म्हणतो.

संतापाला मराठीत शब्दांची वाण नाही. नीच म्हणता आले असते, राक्षस म्हणता आले असते, पोलिसांत देतो म्हणता आले असते. चाळीस वर्षे समतेची भाषा बोललेल्या माणसाला त्या घटकेला जवळ सापडली ती सोवळ्याची भाषा. पाणी, अंघोळ, धुणे, बाटणे. आजोबा-पणजोबांनी जपून ठेवलेली ही शब्दसंपत्ती त्याने वारशात घेतली होती आणि ती आपल्याकडे आहे हेच त्याला माहीत नव्हते.

नाशिकच्या माणसाने तरी हा प्रवेश पाहताना दचकायला हवे. २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली, दादासाहेब गायकवाडांच्या संघटनेच्या जोरावर, पंचवटीत काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला. मंदिराचे दरवाजे बंद करण्यात आले. रामनवमीला रथ दोन्हीकडच्या माणसांनी मिळून ओढायचा असा समझोता झाला होता. तो मोडून रथ पुढे पळवला गेला आणि सत्याग्रहींवर दगड पडले. सत्याग्रह पुढे वर्षानुवर्षे चालला. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्यात हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, त्यामागे पंचवटीचा हा अनुभव होता.

आज काळाराम सगळ्यांना खुला आहे आणि त्या दगड मारणाऱ्यांशी आपले नाते आहे असे नाशिकमध्ये कोणीही सांगणार नाही. नाथही सांगणार नाही. पण विटाळाची कल्पना दरवाजा उघडल्याने जात नाही, ती दरवाजाच्या आतल्या माणसात राहते. बाबासाहेबांना हे नीट ठाऊक होते. मार्च १९३४ मध्ये दादासाहेबांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी स्पष्ट केले की मंदिरप्रवेशाने आपले लोक समान होतील अशा समजुतीने ही चळवळ सुरू केली नव्हती. त्यांना जागे करण्याचा, स्वतःच्या स्थितीची जाणीव करून देण्याचा तो मार्ग होता. आत येऊ देण्याचे श्रेय आतल्यांना त्यांनी देऊ केलेच नाही. नाथ मात्र आपल्या दाराचे श्रेय घेऊ पाहतो आणि पहिल्या खऱ्या कसोटीला ते दार धुवायला पाणी मागतो.

ध्येयवाद जास्त झाल्याने माणूस असा बोलत नाही. ध्येयवाद जिथपर्यंत पोचायला हवा होता तिथपर्यंत पोचला नाही, म्हणून बोलतो.

चौथा टप्पा: भाषण

नाथ आधी नकार देतो. सेवा त्याला समजावते की नाही गेलास तर सूड ज्योतीवर उगवला जाईल. तो जातो आणि पुस्तकाची, लेखकाची स्तुती करतो. नंतर ज्योती येते आणि त्याला विचारते की जे वाटत नव्हते ते का बोललात.

नाथचा बचाव सोपा आहे: मुलीसाठी खोटे बोललो. पण तिसरा मार्ग होता. पुस्तक चांगले आहे आणि लेखक माझ्या मुलीला मारतो, ही दोन्ही वाक्ये एकाच व्यासपीठावरून, एकाच आवाजात बोलता आली असती. अरुणला बरोबरीचा मानण्याची ती एकमेव रीत होती. बरोबरीच्या माणसाची आपण तारीफ करतो आणि त्याला जाबही विचारतो. ज्याला आपण फक्त तारीफ देतो किंवा फक्त पाठीमागे शिव्या देतो, तो आपल्या लेखी अजून खालीच उभा असतो. नाथने घरात विटाळ बोलून दाखवला आणि सभेत गौरव. मधली जागा, माणसाने माणसाशी बोलायची, त्याला सापडली नाही. त्या सभेत खरे बोलण्याची किंमत त्याला स्वतःला मोजावी लागली असती. दलितविरोधी म्हणून शिक्का बसला असता, चळवळीतली पत गेली असती. आयुष्यात प्रथमच बिल त्याच्या नावावर आले होते आणि ते त्याने भरले नाही.

ज्योतीचा राग म्हणूनच अरुणपेक्षा बापावर जास्त आहे. माणूस मुळात वाईट नसतो, रणातून पाठ फिरवायची नसते, हे सगळे तिने याच घरात शिकले. ती ते अक्षरशः जगली. शिकवणाऱ्याने ते कधी जगून पाहिले नव्हते, हे तिला त्या भाषणात कळले.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की मारले अरुणने, आणि आरोपी नाथ? मारहाणीचा सगळा दोष अरुणचा आहे, त्यात वाटेकरी नाही. जयप्रकाश नाटकात इस्रायलचे उदाहरण घेऊन कालचा पीडित आज पीडा देणारा कसा होतो हे सांगतो. ते स्पष्टीकरण म्हणून ऐकावे, माफी म्हणून नव्हे. पण मी जबाबदारीविषयी लिहितो आहे, आणि ती एकाने चुकवली म्हणून दुसऱ्याची संपत नाही.

दुसरा आक्षेप दलित वाचकांकडून आला आणि तो जड आहे. मराठी रंगभूमीवर मुख्य भूमिकेतले दलित पात्र इतके विरळ, आणि जे आले ते बायकोला मारणारे. तेंडुलकरांना १९९३ सालचा सरस्वती सन्मान याच नाटकासाठी मिळाला आणि याच नाटकासाठी आपल्यावर चप्पल फेकली गेली होती, हे त्यांनी तो स्वीकारताना सांगितले. हा राग मला समजतो. अरुणचे मन नाटकात उघडत नाही, ही उणीव आहेच. ती नाथच्या खोलीतून पाहण्याच्या निवडीतून आली आहे, आणि तेंडुलकर जे पाहू शकत होते तेवढेच त्यांनी दाखवले असे मला वाटते. अरुणच्या घरात काय आहे हे ज्याला जाणायचे आहे त्याने बाबुराव बागुलांकडे जावे. त्यांचा जन्म विहितगावचा. नाशिकरोडहून देवळालीला जाणाऱ्या रस्त्यावरच ते गाव लागते. १९६३ चा त्यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह नाथच्या कपाटात नक्की असणार. त्यातल्या माणसांना कोणी घडवायची, वितळवायची गरज नव्हती. देवळालीकरांनी विहितगावकर वाचला असेल, ऐकला नाही.

तिसरा आक्षेप: लग्न ज्योतीने स्वतः ठरवले, बापाने लादले नाही. खरे आहे. पण निवड करण्याचा हक्क देणाऱ्यावर निवड बदलण्याचा हक्क देण्याची जबाबदारीही येते. ‘चुकले असेल तर परत ये, तुझ्या परत येण्याने समाजवाद बुडणार नाही’ एवढे सांगणे बापाचे काम होते. ज्योती परत आली तेव्हा तिच्या पाठीवर वळ होते आणि समोर बापाचा प्रयोग होता.

चौथा आक्षेप मला सर्वांत अवघड वाटतो, म्हणून त्याला जास्त जागा देतो. नाथसारख्यांना इतके सोलून काढले तर पुढे येईल कोण? २०१३ साली याच नाशिकमध्ये एका बापाने परजातीत लग्न केलेल्या आपल्या गरोदर मुलीचा गळा आवळून खून केला. त्यामागचा जातपंचायतीचा दबाव उघड झाला, अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली आणि पुढे महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा झाला. तो २०१७ पासून लागू आहे. ज्या शहरात असा बाप होता तिथे नाथ देवदूत नव्हे काय?

त्या बापापुढे नाथ आभाळाएवढा आहे, यात वाद नाही. पण खुनी बापाची चौकशी न्यायालय करते. नाटक करायचे ते त्या माणसाचे, ज्याची चौकशी कोणतेही न्यायालय करणार नाही. आणि प्रेक्षागृहात बसलेले आपण कोण आहोत? मुलीचा गळा दाबणारे नव्हे. आंतरजातीय लग्नाला हार घेऊन जाणारे, ६ डिसेंबरला आदराने पोस्ट टाकणारे, घर भाड्याने देताना मात्र आडनाव विचारणारे. सोसायटीच्या सभेत भाडेकरूचा विषय निघाला की ‘माझे काही नाही हो, पण इतर सभासदांना…’ असे म्हणणारे. नाथ आपल्यातला सर्वोत्तम माणूस आहे. म्हणूनच तो कुठे कमी पडला हे पाहणे उपयोगाचे आहे. वाईट माणसाच्या चुका पाहून आपण काहीच शिकत नाही, फक्त सुखावतो.

आणि पुढे येणारे कमी होतील ही भीती मला खरी वाटत नाही. नाथने काय करायचे होते ते अशक्य कोटीतले नव्हते. जावयाची नीट विचारपूस. मुलीला परतीचे दार. सभेत दोन खरी वाक्ये. आणि स्वतःच्या घराण्यात, भाऊबंदांत, पक्षात, जिथे त्याचे वजन होते तिथे, जातीविषयी रोजचे भांडण. हे शेवटचे तर तो नाटकात कुठेच करताना दिसत नाही. राज्य सरकार आंतरजातीय जोडप्याला ५०,००० रुपये देते. ती रक्कम सरकारच्या तिजोरीतून येते. घराण्याच्या तिजोरीत जे साठले आहे, पिढ्यांची शांतता, शुद्ध भाषा, ओळखी, कुठल्याही खोलीत आपले म्हणून शिरण्याचा आत्मविश्वास, त्यातले काय द्यायचे हा हिशेब ज्याचा त्याने मांडायचा असतो.

रंगमंचावरच्या नाथविषयी

हे सगळे शेवटी नटाच्या आणि दिग्दर्शकाच्या हाती आहे. नाथची भूमिका करुण करण्याचा मोह मोठा असतो. शेवटी तो एकटा उरतो, कोसळतो, आणि चांगला नट त्या मिनिटात सगळे सभागृह आपल्या बाजूला ओढून घेतो. प्रेक्षक डोळे पुसत बाहेर पडतात, आणि दहा मिनिटांपूर्वी ज्योतीने काय विचारले होते ते विसरतात. ‘बिचारा नाथ’ हे वाक्य तिथे जन्माला येते.

कालिदास कलामंदिरात किंवा सायखेडकर नाट्यगृहात पुन्हा कोणी ‘कन्यादान’ उभे केले तर माझ्या दोन मागण्या आहेत. ज्योती शेवटचे बोलत असताना नाथने हुंदके देऊन तिचा प्रवेश आपल्याकडे घेऊ नये. त्याने ऐकावे, आणि ऐकताना त्याला राग आला तरी चालेल. आणि विटाळाची ती वाक्ये ओरडून उडवून देऊ नयेत. ओरडले की प्रेक्षक ती संतापाच्या खात्यात टाकतो. नटाने ती नेहमीच्या आवाजात म्हणावीत, पाहुणे गेल्यावर कपबशा उचलता उचलता घरात बोलतात तशी, म्हणजे पहिल्या रांगेतल्या माणसाला ती ओळखीची वाटतील.